केनियात सेवेसाठी बोलावणं आलंय, तयारी कुठून सुरू करायची?

गोदाकाठची सिस्टर
सगळ्यांना ख्रिस्ती सलाम. मी नाशिकची, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलाय, बरीच वर्षं लेबर रूमला आहे. मिस्टर आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवतात, मुलगी तिसरीत. आमच्या मंडळीचा केनियातल्या किलिफी काउंटीतल्या एका अँग्लिकन मंडळीशी जुना संबंध आहे, त्यांचा एक छोटा दवाखाना आहे, शेजारी पोरांना वायरिंग, वेल्डिंग शिकवायचं केंद्र आहे, आणि आता त्यांचं पत्र आलंय की तुम्ही दोघं निदान तीन वर्षांसाठी या. घरात बोलून झालं, पाळकसाहेबांशी बोलून झालं, भरपूर प्रार्थना झाली, पाचारणाबद्दल आमच्या मनात शंका नाही. तयारी म्हणजे नेमकं काय करायचं इथे गाडं अडलंय.

एक जण म्हणतात आधी दोन वर्षं बायबल कॉलेज करा, त्याशिवाय मंडळीने पाठवूच नये. दुसरे म्हणतात आठवड्याचं ओरिएंटेशन पुरे, बाकी तिथे गेल्यावर आपोआप समजतं. आम्ही एका सेमिनारलाही जाऊन आलो, तिथे कल्चर शॉकचा ग्राफ दाखवला, आधी उत्साह मग निराशा मग हळूहळू रुळणं, ते पटलं, पण उदाहरणं सगळी अमेरिकेतून आलेल्या लोकांची. त्यांना गर्दीचा त्रास, लाइट जाण्याचा त्रास, पाहुणे न कळवता दारात उभे राहण्याचा त्रास. आम्हाला यातलं काहीच नवीन नाही! मग आपल्यासारख्यांना काय जड जातं ते कोण सांगणार? स्वाहिली इथून शिकून जावं की तिथे? मुलीच्या शाळेचं काय करतात लोक? आणि सासूबाई इथे एकट्या राहणार, ते टेन्शन आहेच. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी मोकळेपणाने लिहा, कडू असलं तरी चालेल.

मोंबासा रोड
ताई, सलाम. मी आणि मिसेस किलिफीच्याच किनाऱ्यावर बरीच वर्षं शाळेच्या कामात होतो. तुमच्या ग्राफच्या प्रश्नावर आधी लिहितो, कारण सगळी तयारी त्या एका गोष्टीवर उभी आहे असं माझं मत आहे.

आपल्याला धूळ, गर्दी, लोडशेडिंग जड जात नाही, खरंय. किनाऱ्यावरची हवा तर आपल्या कोकणासारखी, नारळ, काजू, आंबा सगळं आहे, तुरीला तिथे म्बाझी म्हणतात आणि नारळाच्या दुधात शिजवून सकाळी महामरी नावाच्या तळलेल्या गोडसर पावाबरोबर खातात, तुम्हाला पहिल्या दिवसापासून आवडेल. आपल्याला जड जातं ते हे की आपल्या आधी आपले लोक तिथे पोचलेत. गोरा माणूस उतरला तर तो म्झुंगू, तुम्ही उतरलात की तुम्ही मुहिंदी, आणि मुहिंदी कसा असतो याचं चित्र तिथल्या माणसाच्या डोक्यात शंभर वर्षांहून जुनं आहे. १८९६ ते १९०१ मध्ये इंग्रजांनी मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे टाकली, तिच्यासाठी हिंदुस्थानातून ३२ हजारांच्या आसपास मजूर नेले, त्यातले अडीच हजाराच्या आसपास तिथेच मेले, बाकीचे बहुतेक परत आले, काही राहिले. व्यापारी तर किनाऱ्यावर त्याच्याही आधीपासून होते, रेल्वे झाल्यावर गुजराती, कच्छी, पंजाबी लोकांची दुकानं आतपर्यंत गेली. वसाहतीच्या राज्यात गोरा वर, हिंदी मध्ये आणि आफ्रिकन खाली अशी उतरंड होती, आणि साध्या केनियन माणसाची रोजची गाठ पडायची ती मधल्याशी. मालक तो, दुकानदार तो, उधारीची वही त्याच्याकडे. आजही कितीतरी घरांमधून कोणीतरी बाई हिंदी कुटुंबात धुणीभांडी करून आलेली असते आणि तिथे तिला कुठल्या कपातून चहा मिळायचा हे तिच्या पोरांना माहीत असतं.

आता ताई, वेगळा कप म्हणजे काय हे आपल्या आजी-आजोबांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. नगर-नाशिककडची बहुतेक ख्रिस्ती घरं कुठून आलीत हे आपल्याला माहीत आहे. म्हणून मला वाटतं आपल्याकडे एक असं काही आहे जे अमेरिकेच्या माणसाला कुठल्या कोर्समधून मिळत नाही, पण ते आपोआप उपयोगी पडत नाही हो, तिथे गेल्यावर तुम्ही वरच्या बाजूला असता, तुमच्या पासपोर्टवर आणि चेहऱ्यावर लोकांना मालकच दिसतो, आणि माणसाला वरची बाजू फार पटकन सवयीची होते. घरात कामाला बाई ठेवा, तिथे नोकरी देणं ही मोठी मदत आहे, पण ती तुमच्याच टेबलावर तुमच्याच ताटल्यात जेवली पाहिजे. पहिले काही महिने सगळं गाव हेच बघत असतं, तुम्ही कोणाच्या घरी जेवता आणि कोणाला घरी जेवायला बोलावता.

जाण्याआधी तिथला इतिहास वाचा, आणि त्यात हिंदी लोकांची दुसरी बाजूही वाचा. माखन सिंग, कामगार संघटना बांधणारे, १९५० मध्ये इंग्रजांनी पकडलं ते थेट १९६१ ला सोडलं. पिओ गामा पिंटो, मूळ गोव्याचे, जन्म नैरोबीचा, केनियाच्या स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेले आणि स्वातंत्र्यानंतर १९६५ मध्ये त्यांचा खून झाला. ही नावं तिथले म्हातारे लोक आदराने घेतात. तुम्हाला ती माहीत असली की समोरच्याला कळतं की ही बाई आमच्याबद्दल काही ऐकून आलीय.

स्वाहिलीबद्दल. इथून थोडी, खरी तिथेच. नैरोबीला अँग्लिकन चर्चची भाषा शिकवायची शाळा आहे, तिथे पाया चांगला होतो, पण किनाऱ्याची स्वाहिली ऐकायला वेगळी आणि लोकांना तिचा अभिमान आहे, म्हणून पाया झाला की लगेच किनाऱ्यावर या. मला सांगाल तर पहिल्या तीन-चार महिन्यांत दवाखान्याचं काम हातात घेऊच नका. एखाद्या कुटुंबात राहा, सकाळी एखाद्या बाईबरोबर बसा, तिने वस्तू दाखवायची, नाव घ्यायचं, तुम्ही बोलायचं नाही, फक्त बोट दाखवायचं किंवा वस्तू उचलून द्यायची, मोबाईलवर तिचा आवाज घेऊन रात्री परत ऐकायचा. कान आधी तयार होतो, तोंड मागून. बोलायची घाई केली की माणूस मराठी वाक्यात स्वाहिली शब्द बसवतो आणि मग ते कायमचं तसंच राहतं.

तुमच्या कामासाठी एक फार महत्त्वाचं. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. सा मोजा म्हणजे पहिला तास, म्हणजे आपले सकाळचे सात. बाई म्हणाली कळा सा तातूपासून सुरू झाल्या, तर ते तीन वाजता नाही, नऊ वाजता. आणि सकाळचे की रात्रीचे हे तिला विचारून घ्या. लेबर रूमला सहा तासांचा घोळ म्हणजे काय हे मी तुम्हाला काय सांगणार. शिवाय गावातल्या म्हाताऱ्या बायका गिर्यामा ही तिथली स्थानिक भाषाच बोलतील, स्वाहिलीही तोडकी, तेव्हा दुभाषी लागेलच, पण चार वाक्यं गिर्यामाची शिका.

आणि नमस्कार-चमत्कार. मोठ्या माणसाला शिकामू म्हणायचं, ते माराहाबा म्हणतात, मग घरचं कसं, मुलं कशी, काम कसं, रात्र कशी गेली, हे सगळं झाल्याशिवाय कामाचा विषय काढायचा नाही. आपल्याकडची नर्स वॉर्डात शिरते ती बीपीचा पट्टा हातात घेऊनच, तिथे तो उद्धटपणा वाटतो.

हिशोबनीस
मी एका मिशन ऑफिसात हिशोब बघतो, फक्त कागदपत्रांचं लिहितो, आध्यात्मिक बाजू बाकीचे सांगतील.

२०२४ पासून केनियाला व्हिजाऐवजी ईटीए, म्हणजे प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी आहे, ऑनलाइन मिळते, पण ती भेटीसाठी. तिच्यावर काम करायचं नाही, बिनपगारी सेवा असली तरीही नाही. धार्मिक आणि धर्मादाय संस्थांच्या लोकांसाठी क्लास आय परमिट असतं, अर्ज तिथली मंडळी करते, वेळ लागतो. हे हातात पडल्याशिवाय इथली नोकरी सोडू नका. आणि हे हलक्यात घेऊ नका, तुम्ही ज्या किलिफीला जाताय तिथेच शाकाहोलाच्या जंगलात २०२३ मध्ये एका पंथाच्या लोकांचे चारशेहून जास्त मृतदेह सापडले, उपास करून मरा म्हणून सांगितलेले लोक, लहान मुलंसुद्धा. त्यानंतर बाहेरून आलेल्या प्रत्येक उपदेशकाकडे सरकार आणि लोक दोघंही संशयाने बघतात आणि त्यांचं काही चुकत नाही. कागद स्वच्छ, कोणाच्या हाताखाली काम करताय ते स्पष्ट, हे तुमच्यासाठी आणि तिथल्या मंडळीसाठीही संरक्षण आहे.

पैसा. मंडळीच्या ट्रस्टमधून परदेशात खर्च केला तर त्या रकमेवर आयकराची सूट सरळ मिळत नाही, वेगळी मंजुरी लागते. म्हणून आपल्याकडच्या बऱ्याच मंडळ्या असं करतात की पाठिंबा देणारी माणसं व्यक्ती म्हणून वैयक्तिक खात्यातून पाठवतात, रिझर्व्ह बँकेची त्यासाठी वेगळी योजना आहे. काय करायचं ते ट्रस्टचा सीए बसवून लिहून घ्या, तोंडी नको. तीन वर्षांचा पूर्ण पाठिंबा कागदावर येईपर्यंत निघू नका, अर्धा जमला, बाकीचा देव पुरवील, असं म्हणून गेलेल्या कुटुंबांचे फोन मी घेतलेत.

पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच घ्या, निघायच्या किमान १० दिवस आधी, आता सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं. ते नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावरून क्वारंटाइनला जाल. मलेरियाचं तुम्ही नर्स आहात, तुम्हाला माहीत आहे, तरी सांगतो, तिथे फाल्सिपॅरम, म्हणजे मलेरियाचा जीवघेणा प्रकार आहे आणि मुलीच्या अंगात त्याची काही प्रतिकारशक्ती नाही, मच्छरदाणी रोज, ताप आला की त्याच दिवशी टेस्ट. मेडिकल इन्शुरन्समध्ये विमानाने हलवायची सोय आहे का बघा. नैरोबीची आम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्स १९५७ पासून हेच काम करते, त्यांची वर्गणी भरता येते.

आबा नगरकर
सिस्टर, तुम्ही नाशिकच्या आणि तुम्हाला बोलावणं किलिफीहून, हे वाचून मला राहवलं नाही. तुमच्या शरणपूरचा आणि त्या किनाऱ्याचा संबंध तुम्हाला कोणी सांगितलाय का?

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांचं आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडायचं, त्यातली आफ्रिकन मुलं मुंबईत उतरवायचे, आणि त्यातल्या पुष्कळ मुलांना चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूरला ठेवलं, शिकवलं, लोहारकाम, सुतारकाम शिकवलं. आफ्रिकेत फिरलेले मिशनरी संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचं १८७३ मध्ये आफ्रिकेच्या मध्यावर निधन झालं तेव्हा त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत जेकब वेनराइट होता, तो शरणपूरला शिकलेला. आणि १८६४ च्या सुमारास विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर, जॉर्ज डेव्हिड हे शरणपूरचेच तरुण रबाईला पाठवले गेले. रबाई आज कुठे येतं? किलिफी काउंटीत! पुढे १८७५ मध्ये मोंबासाशेजारी सुटका झालेल्या गुलामांसाठी फ्रेअर टाउन वसलं, आपले मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर त्यांच्या नावाने, आणि ते वसवणारे प्राइससाहेब आधी शरणपूरलाच होते.

हे मी गौरवासाठी सांगत नाही. यात तुमच्या प्रशिक्षणाचा मोठा धडा आहे. ही मुलं आफ्रिकन, रंग तोच, पण लहानपणीच तुटलेली, नाशकात वाढलेली, त्यामुळे रबाईच्या लोकांना ती परकीच वाटली. पेहराव वेगळा, भाषा नव्याने शिकायची. आणि युरोपियन मिशनरी त्यांना बरोबरीचे मानायला तयार नव्हते, पगारावरून, मानावरून वर्षानुवर्षं भांडणं झाली. म्हणजे दोन्हीकडून बाहेरचे. तरी जोन्स टिकले. १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी जोन्स आणि सेमलर यांना दीक्षा दिली. रबाईला पळून आलेले गुलाम आसऱ्याला यायचे, मालक लोक हत्यारं घेऊन त्यांना परत मागायला यायचे, आणि वरून मिशनच्या मुख्य ऑफिसचा दबाव की भानगडीत पडू नका, तरी जोन्सनी त्या लोकांना दाराबाहेर काढलं नाही. १८८९ च्या सुरुवातीला त्यातल्या चौदाशेच्या आसपास लोकांना सुटकेचे कागद मिळाले. तिथल्या माणसाच्या संकटात हा माणूस कुठे उभा राहिला हे लोकांनी पाहिलं. तुमच्या सेमिनारमध्ये यांचं नाव घेतलं नसेल तर ती आपल्या मराठी मंडळ्यांची गरिबी आहे, मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

आता दुसरी गोष्ट, जरा टोचेल. केनियाच्या २०१९ च्या जनगणनेत ८५ टक्के लोक ख्रिस्ती आहेत. आपण इथे दोन-अडीच टक्के, आणि महाराष्ट्रात तर एक टक्काही नाही. तुम्ही सुवार्ता घेऊन अंधारात चाललेल्या नाही आहात, तुमच्यापेक्षा कितीतरी मोठ्या मंडळीकडे पाहुण्या म्हणून चालला आहात. १९७१ मध्ये केनियाच्या प्रेस्बिटेरियन मंडळीचे जॉन गाटू यांनी अमेरिकेत उभं राहून सांगितलं होतं की निदान पाच वर्षं परदेशी मिशनरी आणि परदेशी पैसा थांबवा, आम्हाला आमच्या पायावर उभं राहू द्या. १९७४ ला लुसाकाच्या बैठकीत आफ्रिकेतल्या मंडळ्यांनी तोच मुद्दा उचलला. बाहेर पुष्कळांना राग आला. मला विचाराल तर गाटूंचं म्हणणं जाण्याआधी शांतपणे वाचणं हे अर्ध्या कोर्सइतकं आहे. तुम्हाला त्यांनीच बोलावलंय ही चांगली गोष्ट, मग तिथल्या मेट्रनच्या, तिथल्या बिशपच्या हाताखाली काम करा. आपल्याकडे मिशन कंपाउंडमध्ये साहेबाचा बंगला आणि आपल्या चाळी यांच्यामध्ये जे अंतर होतं ते माझ्या पिढीने पाहिलंय. आपल्या ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांसारखा माणूससुद्धा शेवटी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून देवाचा दरबार उभा करायला बाहेर पडला. भजन-कीर्तन आपल्या उपासनेत आलं ते आपल्या माणसांनी आणलं म्हणून. तिथेही जे रुजेल ते तिथल्यांनी लावलेलंच.

एक उदाहरण देतो. गिर्यामा लोक आपल्या मान्यवर पूर्वजांच्या स्मरणार्थ कोरीव लाकडी खांब उभे करतात, विगांगो म्हणतात. बाहेरच्यांनी त्यांना मूर्ती ठरवलं, आणि दुसरीकडे कितीतरी खांब चोरीला जाऊन परदेशी संग्रहालयांत पोचले. तुम्ही ते पाहाल तेव्हा पटकन मत देऊ नका. पॉल हिबर्ट म्हणून एक मानववंशशास्त्रज्ञ होऊन गेले, जन्म आपल्या तेलंगणातला, मिशनरी घरातला, त्यांची शिकवण अशी की आधी ती रूढी काय आहे ते न निवाडता पूर्ण समजून घ्या, मग तिथल्या विश्वासणाऱ्यांबरोबर बसून शास्त्र उघडा, आणि काय ठेवायचं काय सोडायचं याचा निर्णय त्यांनाच घेऊ द्या. वटसावित्री, पाचवी, तेराव्याचं जेवण यावरून आपल्या घराघरांत जी भांडणं झाली ती आठवली की या क्रमाचं मोल कळतं.

बायबल कॉलेजबद्दल: मंडळीची संमती असेल तर दोघांपैकी एकाने तरी पुण्याला यूबीएस, म्हणजे युनियन बिब्लिकल सेमिनरीसारख्या ठिकाणी मिशन विषयाचा छोटा अभ्यासक्रम करावा. दोन वर्षं थांबायची गरज मला दिसत नाही, तुम्ही उपदेशक म्हणून नाही, नर्स आणि शिक्षक म्हणून चालला आहात. पण दोघांनी मिळून रोज वचन वाचायची सवय इथे नसेल तर तिथे लागणार नाही.

लष्कर पुणे
आबा आणि दादांनी भारी लिहिलंय. मी एक अगदी जवळची गोष्ट सांगते. ताई, पुण्यात केनियाची, टांझानियाची, सुदानची किती मुलं शिकायला आहेत माहितीये? नाशिकहून चार-पाच तासांवर. सेवेला केनियाला जायचं आणि पुण्यातल्या केनियन मुलाला आपल्या घरी एकदाही जेवायला बोलवायचं नाही हे मला समजत नाही, आणि आपल्या मंडळ्यांमध्ये असंच चालू आहे.

आमच्या तरुण संघात आम्ही काही मुलामुलींशी ओळख वाढवली. सुरुवातीला ती बोलेचनात, मग हळूहळू सगळं बाहेर आलं, फ्लॅट बघायला गेलं की फोनवर हो म्हणणारा मालक दार उघडून नाही म्हणतो, रिक्षात बसलं की लोक न विचारता फोटो काढतात, केसांना हात लावतात, बसमध्ये शेजारची सीट रिकामी राहते. २०१७ ला ग्रेटर नोएडात मॉलमध्ये आफ्रिकन विद्यार्थ्यांना जमावाने मारलं ते त्यांच्या घरच्यांनी तिकडे टीव्हीवर बघितलंय. म्हणजे तुम्ही किलिफीत उतराल तेव्हा तुमच्या देशाबद्दल हे ऐकलेला माणूस समोर असेल.

आणि हे फक्त बाहेरच्या लोकांचं आहे असं नाही. आपल्या ख्रिस्ती घरांत स्थळ बघताना गोरी मुलगी पाहिजे असं म्हणतातच ना. बाळ जन्मलं की पहिला प्रश्न रंगाचा. तुमच्या लेकीसमोर कोण काय बोलतं ते आत्तापासून बघा, मुलं ते सगळं बरोबर घेऊन जातात. माझ्या मते हीच खरी ट्रेनिंग, आणि तिला कोणतीही फी नाही. निघायच्या आधी वर्षभर दर महिन्याला एकदा त्या मुलांबरोबर जेवा, त्यांच्या हातचं उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, खा, स्वाहिली त्यांच्याकडून शिका (शिकवणीचे पैसे द्या, फुकट नको), आणि त्यांना परीक्षेला, हॉस्पिटलला, भाड्याच्या घराला तुमची गरज लागेल तेव्हा उभ्या राहा.

मिशनरीची लेक
मी मुलीच्या आणि सासूबाईंच्या प्रश्नावर लिहिते, माझे आईवडील भारताबाहेर सेवेत होते आणि मी तिसरीतच होते.

शाळेचं वर्ष तिथे जानेवारीला सुरू होतं, आपलं जूनला, त्यामुळे मधे काही महिने हवेत जातात, ते आधीच धरून चाला. अभ्यासक्रमही २०१७ पासून बदलत आणलाय. किजाबेला रिफ्ट व्हॅली अकॅडमी आहे, १९०६ पासूनची, मिशनऱ्यांच्या मुलांसाठी, पण अमेरिकन अभ्यासक्रम, बोर्डिंग, आपल्या पाठिंब्याच्या पैशात बसणं कठीण. आणि बसलं तरी मी सांगेन की जवळची चांगली शाळा बघा जिथे तिथलीच मुलं आहेत. मुलांची भाषा मोठ्यांपेक्षा आधी सुटते आणि मग घरात तीच तुमची दुभाषी होते. फक्त तिला दुभाषी म्हणून दवाखान्यात किंवा मोठ्यांच्या बोलण्यात नेऊ नका, लहान मुलाच्या कानावर नको ते पडतं.

मराठी वाचायला लिहायला घरी रोज अर्धा तास, यात सूट नाही. तीन वर्षांनी ती परत येणार आणि चुलत भावंडांत बसणार, तेव्हा आजीशी बोलता आलं पाहिजे. आणि निघताना तिला नीट निरोप घेऊ द्या. मैत्रिणी, बाई, शेजारचे, घर, सगळ्यांचा. मोठ्यांच्या धावपळीत मुलांचा निरोप राहून जातो, मग ते रडणं दोन वर्षांनी भलत्याच गोष्टीवरून बाहेर येतं. परत आल्यावर तर आणखी सांभाळा, मला तिथे जाण्यापेक्षा इथे परतणं कितीतरी जड गेलं, सगळे म्हणायचे आता काय आलीस की घरी, आणि मला तर वर्गात कुठली मालिका चाललीय हेसुद्धा माहीत नव्हतं. आईवडिलांना मंडळीने तीनदा साक्ष द्यायला उभं केलं, मला कोणी एका शब्दाने विचारलं नाही.

आजीचं: माझ्या आजीला मंडळीने सांगितलं होतं की आम्ही आहोत. आम्ही म्हणजे कोण ते ठरलं नव्हतं. पाळकसाहेबांना स्पष्ट विचारा, रात्री दोनला आईंना दवाखान्यात न्यायचं झालं तर कोणाला फोन करायचा, नाव आणि नंबर. दोन कुटुंबं ठरवून घ्या. आणि आईंना काही झालं तर तिकिटाचे पैसे कुठून येणार हे आधी बाजूला काढून ठेवा.

गोदाकाठची सिस्टर
सगळ्यांचे खूप आभार, हे सगळं मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवलं. शरणपूर रोडवरून मी रोज ड्युटीला जाते आणि हे मला ठाऊकच नव्हतं आबा, आज रात्रभर तेच डोक्यात आहे. रबाईला जायचंच आता.

सासूबाईंनी दोन कुटुंबांची नावं स्वतःच सांगितली, त्यांना बहुतेक हा प्रश्न आमच्या आधीच पडला होता. पुण्याच्या मुलांबद्दल ताई मी तुम्हाला वेगळा मेसेज करते, पुढच्या महिन्यात सुट्टी घेऊन येऊ.

अजून एक विचारते. मोंबासा रोड दादा, कुटुंबात राहून भाषा शिकायची म्हणालात, त्याचा सराव इथे कुठे करता येतो का? मिस्टर तसे लाजाळू आहेत, एकदम परक्या घरात त्यांना जमेल का अशी मला धाकधूक आहे.

मोंबासा रोड
येतो की. मेळघाटात जा. कोरकू ही मराठी-हिंदीच्या कुळातली भाषाच नाही, मुंडा कुळातली आहे, तिथे मराठीचा आधार सुटतो. ओळखीचं कोणी तिथे शाळेत किंवा आरोग्याच्या कामात असेल त्यांच्यामार्फत एखाद्या कुटुंबात सुट्टीत राहा, त्या घराचा खर्च द्या, आणि ठरवून घ्या की काही शिकवायचं नाही, इंजेक्शन द्यायचं नाही, वायरिंग दुरुस्त करायची नाही, फक्त शिकायचं. हाताला काम नसताना परक्या ओसरीवर बसणं हे तुमच्यासारख्या कामसू माणसांना सगळ्यात कठीण जातं, आणि तिथे पहिले महिने नेमकं तेच करायचंय. भाऊसाहेब लाजाळू आहेत ते बरंच आहे, जास्त बोलणारा माणूस भाषा उशिरा शिकतो. पोरांच्यात बसवा त्यांना, पोरं शिकवतात.

हिशोबनीस
एक राहिलं सिस्टर. केनियाच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाल्याशिवाय तिथे पेशंटला हात लावायचा नाही, दवाखाना मंडळीचा असला तरी. त्यासाठी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून तुमच्या नोंदणीची पडताळणी लागेल, मार्कशीट, अनुभवाची पत्रं लागतील, तो अर्ज याच महिन्यात टाका, बाकी सगळं त्यानंतरही होईल. आणि तिथल्या मंडळीकडून लेखी घ्या: कामाचे तास, तुमचा वरिष्ठ कोण, वर्षाची रजा किती, आजारपणात घरी परतायचं झालं तर कोण ठरवणार. मिस्टरांच्या केंद्रासाठी वेगळं पत्र, दोघांचं एकत्र नको, कारण परमिटचा अर्ज करताना दोघांचं काम वेगळं दाखवावं लागेल.